रांगेतली मोकळी जागा

ग्रोनुट डोंगराच्या माथ्यावर सप्टेंबरातच पांढरं दिसलं, आणि हेल्लेच्या शेतावर सगळ्यांचं बोलणं कमी झालं. एरवी मेंढ्या खाली आणायला अजून अवकाश असतो. या वर्षी मात्र रेडिओने शनिवार सरता सरता बर्फ सांगितलं होतं. उन्हाळाभर डोंगरावर मोकळ्या चरलेल्या मेंढ्या आणि त्यांची आईएवढी झालेली कोकरं, असा सगळा पसारा एका दिवसात गोळा करून कुंपणात आणायचा होता.

खाडीच्या या काठावर एक जुना रिवाज आहे. ग्रोनुटवर ज्यांच्या मेंढ्या चरतात त्या प्रत्येक घराने माणसं द्यायची. ही माणसं डोंगराच्या कुशीवर आडवी रांग धरतात. एकाची हाक दुसऱ्याला पोचेल एवढं अंतर ठेवून ती वर चढतात, माथ्याखाली वळतात आणि मेंढ्या पुढे घालून उतरतात. रांगेत एक माणूस कमी पडला, की नेमकी तिथूनच मेंढी निसटते. मेंढी मूर्ख असते असं लोक म्हणतात. पण रांगेतली मोकळी जागा तिला माणसाच्या आधी कळते.

हेल्लेचा कळप सगळ्यांत मोठा, म्हणून त्या घराने तीन माणसं कबूल केली होती. आस्गेइर, त्याची बायको सीगरुन, आणि तिसरा मी.

मी त्या घराचा भाडेकरू. डॉक्टरकीची परीक्षा झाली की तरुण डॉक्टरांना काही महिने अशा आडगावी धाडतात. मला स्कारविक मिळालं, म्हणजे माझ्याच खाडीचा पलीकडचा काठ. लहानपणी आमच्या खिडकीतून हाच डोंगर मी उलट्या बाजूने पाहत आलो होतो. शेत मुलाच्या हवाली केल्यावर म्हाताऱ्यांनी ज्यात राहायला जायचं, ते अंगणापलीकडचं छोटं घर माझ्याकडे होतं. कारण बायको गेल्यावर आस्गेइरच्या वडिलांना, टोरलाइव्ह आजोबांना, त्यात एकट्याने झोप येईना, आणि ते मोठ्या घरातल्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत परत आले होते. माझा स्वभाव चार माणसांत मागे उभा राहणारा. त्या छोट्या घराच्या खिडकीतून मोठ्या घरातला दिवा दिसायचा, आणि बराच काळ मला तेवढी सोबत पुरेशी वाटत होती.

शुक्रवारी दिवसभर पाऊस. त्या पावसात आस्गेइर आणि मी खालच्या कुंपणाचे खांब ठोकत होतो. मी खांब धरायचा, त्याने घण घालायचा. प्रत्येक घावाबरोबर माझ्या दंडापर्यंत झिणझिण्या येत होत्या.

"उद्या तुझे ते शहरातले बूट घालून येऊ नकोस," तो म्हणाला.

"आजोबांनी त्यांचे दिलेत."

"मग बुटांची काळजी नाही. ते डोंगर ओळखतात. पायांचं काय ते सांग."

कुंपणाच्या फळीवर बसून आस्गेइरची मुलगी तीरिल आमच्याकडे पाहत होती. तिला चौथं वर्ष लागायचं होतं, आणि लाल रबरी बुटांशिवाय ती दाराबाहेर पाऊल टाकत नसे. पासोप नावाचा काळा-पांढरा कुत्रा तिच्या खिशाशी नाक नेत होता. तिने त्याच्या नाकावर फाडकन चापट मारली.

"माझं आहे! चोर! आई, पासोप चोर आहे!"

"चोर नाही, तुझा भाऊ आहे तो," गोठ्याच्या दारातून आजोबा ओरडले. "दोघं एकाच ताटातले!"

या घरात दिवस मोजायचा तो या भांडणाने. सकाळी न्याहारीला आणि संध्याकाळी जेवणाला तीरिलच्या हातातला घास पासोपला हवा असायचा, आणि ती सगळं घर डोक्यावर घ्यायची.

*

सीगरुन शेतावर राबत होतीच, शिवाय स्कारविकच्या दवाखान्यात ती माझ्याबरोबर कामाला होती. दारातून आत आलं की पहिलं तिचं टेबल. त्यावर पावाच्या डब्याएवढं एक यंत्र. तापाचं मूल आलं, की सीगरुन त्याच्या बोटाच्या टोकाला हलकेच टोचायची, रक्ताचा थेंब नळीत घ्यायची. मुलाचा कोट, टोपी, मोजे निघेपर्यंत यंत्रावर आकडा उमटायचा. सीआरपी. अंगात जंतूंशी झटापट चालू असेल तर तो चढतो, साध्या सर्दीपडशात बहुधा खालीच राहतो. पाचच्या आत म्हणजे सगळ्यांत खालचा. सीगरुन तो आकडा चिठ्ठीवर लिहून मुलाबरोबर आत पाठवायची. त्यामुळे आम्हा डॉक्टरांना मूल दिसायच्या आधी त्याचा आकडा दिसायचा. ही पद्धत इथे इतकी मुरलेली होती, की तिला पद्धत म्हणतात हेही कुणाच्या लक्षात येत नसे.

आदल्याच दिवशी, गुरुवारी, दुपारच्या डब्याच्या वेळी यावरून जुंपली होती. आमच्या मोठ्या डॉक्टर बोर्गहिल्ड तपकिरी चीजचे पातळ काप काढत होत्या. या गावातली निम्मी माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत जन्मली होती.

"यंत्रावर माझा राग नाही," त्या म्हणाल्या. "ते आधी बोलतं, याचा राग आहे. चिठ्ठीवर 'पाचच्या आत' वाचलं, की माझे कान निम्मे बंद होतात. छातीला नळी लावते ती रीत म्हणून. माझं हे होतं, तर याचं काय होत असेल?" त्यांनी सुरी माझ्याकडे रोखली.

"बाहेरची खोली भरलेली असते तेव्हा तुम्हीच या आणि सांगा लोकांना," सीगरुन म्हणाली. "कोट काढायच्या आधी विचारतात, किती आला? बेकरीत बायका पोरांचे आकडे सांगतात एकमेकींना. माझ्याचा चाळीस होता, तुमचीचा किती?"

"कोळ्यांनी मासे सांगावेत तसे."

"हसा तुम्ही. पण आज सकाळचंच बघा. त्या कारखान्यातल्या बाईचं पोर. यंत्र अडलं होतं म्हणून चिठ्ठीशिवाय आत आलं. छाती ऐकून तुम्ही अँटिबायोटिक लिहायला घेतलंत. मग आकडा आला, पाचच्या आत. ताप तिसऱ्या दिवसाचा. वाचलं की नाही पोराचं औषध? आज ते पोर बिनऔषधाचं बरं होईल, आणि पुढच्या वेळी खरी गरज पडली तर औषध लागू पडेल. हे यंत्राने केलं, नळीने नाही."

बोर्गहिल्डनी एक काप तोंडात टाकला. "कबूल," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी आकडा खरं बोलतो. पहिल्या दिवशी झोपलेला असतो. आइलेव्ह, तू बोल की. तुझं काय मत?"

"दोन्हीला आपापली जागा आहे," मी म्हणालो.

"हे मत नाही, ही पळवाट आहे," बोर्गहिल्ड म्हणाल्या, आणि दोघी एकाच वेळी हसल्या. मीही हसलो. पण कॉफीचा पेला धुताना मला जाणवलं, की त्या दोघींजवळ उभं राहायला जमीन आहे आणि माझ्याजवळ फक्त सौजन्य आहे.

*

शनिवारी उजाडायच्या सुमारास अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला. आजोबांचे बूट पायांत चढवून मी बाहेर आलो. सीगरुन तीरिलला पांघरुणात गुंडाळून गाडीतून काढत होती.

"पहाटे अंगाचा नुसता निखारा झाला होता," ती म्हणाली. "दवाखान्याची किल्ली होतीच, जाऊन टोचून आले. पाचच्या आत." तिने श्वास सोडला, थंडीत तो पांढरा दिसला. "साधा ताप. तापाचं औषध पाजलंय. आजोबा आहेत घरी."

स्वयंपाकघरात आस्गेइर उभ्यानेच कॉफी पीत होता. टेबलावर बटाट्याच्या मऊ पोळ्या होत्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या. सीगरुनने एक तीरिलच्या हातात दिली. मी बाकाजवळ बसलो.

"कुठे दुखतं, तीरिल?"

"पोट."

पोट मऊ होतं. नळी आणून छाती ऐकली, तीही स्वच्छ. श्वास जरा भरभर होता, पण तापात तो तसा असतोच. घसा बरा, कान बरे, मान वाकत होती. एक गोष्ट अशी सापडेना की जिच्यावर बोट ठेवून म्हणावं, हे बघा.

तेवढ्यात पासोप बाकाशी आला. मान लांब करून त्याने तिच्या बोटांतली पोळी अलगद ओढून घेतली. आम्ही सगळे सवयीने आरोळीची वाट पाहत थांबलो. तीरिलने कुत्र्याकडे पाहिलं. मग आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, आणि डोकं भिंतीला टेकवलं.

"बघा, शहाणी झाली," आस्गेइर म्हणाला. "चला. उजेड फुटतोय."

सीगरुनने शीळ घातली आणि पासोप तिच्या टाचेशी आला. तो फक्त तिची शीळ ऐकायचा, आणि त्याच्याशिवाय ओढ्यावरच्या घळीतून मेंढ्या निघत नसत. म्हणून तिच्या जागी दुसरं कुणी चालणार नव्हतं. मी दारापर्यंत गेलो. तिथे माझे पाय थांबले.

"मी घरी थांबतो," मी म्हणालो.

आस्गेइर वळला. "काय?"

"तिच्याजवळ थांबतो."

"सकाळी आकडा काढलाय."

"ताप आल्याबरोबर काढलाय. इतक्या लवकर तो काही सांगत नाही."

"सीगरुन, तू किती पोरांची बोटं टोचलीस आजवर? आकडा बरोबर आहे ना?"

सीगरुन कुत्र्याच्या पट्ट्याशी चाळा करत होती. "आकडा बरोबर आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "छातीत काही ऐकलंस?"

"नाही."

"पोटात?"

"नाही."

"मग काय दिसलं तुला?"

सांगायला माझ्याकडे फक्त एक पोळी होती. 'कुत्र्याने पोळी घेतली आणि ती रडली नाही,' हे वाक्य मी मनात जुळवलं, आणि डोंगरावर निघालेल्या त्या रुंद खांद्यांच्या माणसासमोर ते माझ्या तोंडातून निघेना.

"तीन माणसं कबूल केलीत आपण," आस्गेइर म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "खालचे लोक मला विचारतील, तिसरा कुठे? मी काय सांगू? डॉक्टरला बर्फाची भीती वाटली?"

"तसं सांग."

मग दाराच्या चौकटीला खेटून ठेवलेली माझी काठी त्याने उचलली, आणि आपल्या काठीबरोबर घेऊन गेला. माझ्याकडून काठी काढून घेणं एवढंच त्याला करता येण्यासारखं होतं, आणि ते त्याने केलं. सीगरुन फाटकापर्यंत जाऊन एकदा थबकली. मग तिच्यामागून कुत्रा निघाला.

*

"मला तू माणसांत धरत नाहीस वाटतं," बटाटे सोलता सोलता आजोबा म्हणाले. "चार पोरं वाढवली मी. एक तर नावेत जन्मलं."

"तुमच्यावर विश्वास आहे, आजोबा."

"मग कुणावर नाही?"

मी बाकाकडे पाहिलं. तीरिल झोपली होती. औषधाने ताप उतरला, तशी ती जागी झाली, दूध प्यायली आणि आजोबांच्या मांडीवर बसून सालींच्या लांबच लांब पट्ट्या मोजू लागली, दोनाच्या पुढे एकदम सात म्हणत. गाल गुलाबी. डोळे उघडे. आजोबांनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या भुवया काय ते बोलल्या.

मी बाहेर पायरीवर येऊन उभा राहिलो. पाऊस थांबला होता. ढगाखाली डोंगर ओला आणि काळा दिसत होता, आणि त्याच्या कुशीवरून हाका येत होत्या. एक हाक उठायची, तिला पुढची उत्तर द्यायची, तिला त्याच्या पुढची. बारीक, लांबलेल्या, थंड हवेत धुतलेल्या हाका. ओढ्याच्या अलीकडे मात्र त्या माळेत एक मणी गळलेला होता. तिथे आवाज अडखळायचा, आणि मग पलीकडून जास्त जोराने उठायचा. ती माझी जागा होती. जन्मभर मी कुठल्याच रांगेत नीट उभा राहिलो नाही असं मला त्या पायरीवर वाटलं. आणि पहिल्यांदाच कुणीतरी दिलेली जागा मी आपण होऊन रिकामी ठेवली होती, एका पोळीपायी.

आत गेलो तेव्हा आजोबांचा चेहरा बदललेला होता.

"कण्हतेय बघ," ते म्हणाले. "झोपेत."

ते झोपेतलं कण्हणं नव्हतं. प्रत्येक श्वासाच्या शेवटी एक बारीक, आखूड आवाज येत होता, जणू आत घेतलेली हवा सोडायला ती तयार नव्हती. मी तिचा लोकरी सदरा वर केला. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, नाकपुड्या फुलत होत्या. सकाळी स्वच्छ असलेली उजव्या छातीची खालची बाजू आता मुकी झाली होती. नळीतून तिथे काही ऐकूच येत नव्हतं. दुखत होतं ते पोट नव्हतं कधीच. दुखणं फुप्फुसाच्या तळाशी होतं, आणि लहान मूल ते पोटावर हात ठेवून सांगतं.

सकाळपासून ज्याला नाव नव्हतं त्याला आता नाव मिळालं होतं: न्यूमोनिया. मी आधी रुग्णवाहिका बोलावली, आणि मग बोर्गहिल्डना फोन केला. त्या दिवशी ड्यूटी त्यांचीच होती. त्या आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात औषधांची पेटी होती आणि दुसऱ्या हातात दवाखान्यातलं ते यंत्र, काखेत कोंबडी धरावी तसं धरलेलं.

त्यांनी गुडघे टेकून ऐकलं, तीरिलच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली, आणि माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा टोचायचं?"

शाळेत फळ्यापुढे उभं करतात तसा तो प्रश्न होता. पण मला तो तसा वाटला नाही.

"नको," मी म्हणालो. "आकडा कमी आला तरी मी थांबणार नाही, आणि जास्त आला तरी याहून वेगळं करणार नाही. आधी पेनिसिलिन. रुग्णवाहिका निघालीय."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतोस?" बोर्गहिल्ड म्हणाल्या, आणि सुई माझ्या हातात दिली.

सुई टोचली तेव्हा तीरिल रडली, पण थोडीच. तिला तेवढाही श्वास परवडत नव्हता. आजोबा तिचे पाय धरून बसले होते, आणि त्यांच्या गालांवरून ओघळणारं पाणी पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

डोंगरावर फोन लागत नाही. आजोबांनी खालच्या कुंपणाशी फाटक धरून उभ्या असलेल्या शेजाऱ्याला फोन केला, शेजाऱ्याने रांगेच्या टोकाला हाक दिली, आणि तिथून ती माणसामाणसाने पुढे गेली: सीगरुनला खाली पाठवा. नंतर लोक मला सांगत होते, की तुझ्या जागेपाशी हाक तुटली. अलीकडच्या माणसाला ओढ्याच्या दरडीवर चढून, तोंडाभोवती हातांचा कर्णा करून ओरडावं लागलं.

सीगरुन आली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, एका तळव्याला रक्त, तोंडाने श्वास घेत. रुग्णवाहिका अंगणात उभी होती. तिने मास्क लावलेली तीरिल पाहिली.

"पण पाचच्या आत होता," ती म्हणाली. "मी नीट केलं होतं. दोनदा पाहिलं. पाचच्या आत होता."

"नीटच केलंस," बोर्गहिल्ड म्हणाल्या. "तो पहाटेचा पाच होता, पोरी. आता दुपार झालीय. चढ आत."

गाडी खाडीच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही अंगणात उभे होतो. पासोप फाटकापर्यंत धावत गेला आणि तिथेच बसला. बोर्गहिल्डनी यंत्र पुन्हा काखेत मारलं.

"सकाळी का थांबलास तू?" त्यांनी विचारलं. "छातीत तर काही नव्हतं म्हणतोस."

मी सांगितलं. पोळी, कुत्रा, भिंतीला टेकवलेलं डोकं. या वेळी ते वाक्य निघालं. बोर्गहिल्ड हसल्या नाहीत. "हं," एवढंच म्हणून गाडीत बसल्या.

*

संध्याकाळी आस्गेइर कळप घेऊन उतरला. बर्फाची भुरभुर सुरू झाली होती. रुग्णालयातून निरोप आला होता, की तीरिलला ऑक्सिजन लावलाय, ती झोपलीय, आता वाट पाहायची. तो गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"ओढ्यापासून एक टोळकं निसटलं," तो म्हणाला. "तुझ्या जागेतून."

"उद्या मी येतो."

त्याने मान हलवली. मग सकाळी नेलेली काठी भिंतीशी टेकवून ठेवली, माझ्या हाताला येईल अशी.

रविवारी आम्ही दोघंच चढलो. पायांखाली बर्फाचा पातळ थर, खाली भिजून मऊ झालेलं गवत. पायांचं खरं काय ते त्या दिवशी मला कळलं. आजोबांचे बूट डोंगर ओळखत होते, पण माझ्या टाचा बुटांना ओळखत नव्हत्या. आस्गेइर मागे वळून पाहत नव्हता, तरी त्याची पावलं आखूड झाली होती. माथ्याखालच्या कातळाच्या आडोशाला त्या मेंढ्या सापडल्या, पाठीवर बर्फ घेऊन एकमेकींना चिकटून उभ्या. एकही कमी नव्हती. आस्गेइरने पुढच्या मेंढीच्या पाठीवरचं बर्फ तळहाताने झाडलं, जणू कुणाच्या खांद्यावरची धूळ.

कड्याच्या त्या एका टोकाशी खाडी दिसते आणि फोनही लागतो. तिथे पोचताच त्याच्या खिशात घंटी वाजली. तो ऐकत राहिला, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तो एका दगडावर बसला.

"एकशे ऐंशीच्या वर गेलाय," तो म्हणाला. "काल पाच होता. सीगरुन रडतेय. एकशे ऐंशी, आइलेव्ह."

मी त्याच्या हातातून फोन घेतला. सीगरुन रडता रडता बोलत होती. ज्या बाईने गावातल्या प्रत्येक मुलाचा आकडा चिठ्ठीवर लिहिला, ती आता स्वतःच्या मुलीचा आकडा धड उच्चारू शकत नव्हती.

"सीगरुन," मी म्हणालो, "आकडा ठेव बाजूला. ती काय करतेय?"

"काय करतेय म्हणजे?"

"आत्ता. या घडीला. तिच्याकडे बघ आणि मला सांग."

मग तिचा आवाज बदलला. "बसलीय. बूट मागतेय. नर्सला चमचा फेकून मारला मघाशी. लापशी नको म्हणते, पोळी हवी."

"श्वास?"

"कण्हणं थांबलंय. ऑक्सिजनची नळी काढून टाकते सारखी, पण... हो. थांबलंय." आणि मग बारीक आवाजात: "मला माहीत होतं रे हे. आकडा मागून येतो. लोकांना मीच सांगते."

"माहीत आहे तुला. आज तू दवाखान्यात नाहीस, एवढंच."

मी फोन परत दिला. आस्गेइर अजून दगडावरच होता. खाली दरीत नदी भरून वाहत होती. तपकिरी, फेसाळ, काठावरची झुडपं वाकवत.

"आज पाऊस आहे का?" मी विचारलं.

"नाही. बर्फ आहे."

"मग नदी का भरलीय?"

"शुक्रवारचं पाणी आहे ते. वरच्या दलदलीतून उतरायला वेळ..." तो थांबला. नदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाऊस पडला तेव्हा ती खाली होती," तो हळू म्हणाला.

"शुक्रवारी पुलावरून बघून तू म्हणाला असतास, काही नाही, नदी तळाशी आहे. आणि आज म्हणतोयस, बुडालो. आकाशाकडे दोन्ही वेळा पाहिलंच नाही."

त्याने नाक शिंकरलं. "डॉक्टर झालास म्हणजे मेंढ्या राखता येतात असं नाही," तो उठत म्हणाला. "तू डावीकडून ये. आणि ओरड जरा मोठ्याने. काल तुझी हाक कुणालाच ऐकू आली नाही."

मी डावीकडे गेलो आणि ओरडलो. पहिल्यांदा आवाज मेंढ्यांपर्यंतही पोचला नाही. मग सुटला, समोरच्या कड्यावर आपटला आणि परत आला. मेंढ्यांनी माना वळवल्या आणि त्या चालू लागल्या.

*

दवाखान्यात आता चिठ्ठी मुलाबरोबर येत नाही. हे कुणी ठरवलं नाही, सभा झाली नाही. कामावर परत आल्याच्या पहिल्याच सकाळी सीगरुनने यंत्र दाराजवळच्या टेबलावरून उचललं आणि तपासणीच्या खोलीपलीकडे, आतल्या कपाटावर नेऊन ठेवलं. तापाचं मूल आलं की ती विचारते, ताप कधीपासून, खातंय का, खेळतंय का. मग ते आमच्याकडे येतं, आणि आम्हाला वाटलं तर तिच्याकडे परत जातं. रांग लांबली. बेकरीत कुरकुर झाली. बोर्गहिल्ड म्हणतात, हे मी कधीपासून सांगत होते. सीगरुन म्हणते, तुम्ही यंत्राला नावं ठेवत होतात, मी त्याची फक्त जागा बदलली. तिसऱ्या दिवशी याच यंत्राच्या पाया पडाल. आणि दोघी माझ्याकडे वळतात.

"पहिल्या दिवशी मूल, तिसऱ्या दिवशी आकडा," मी म्हणतो. "आणि दोन्ही दिवशी, कधीपासून, हा प्रश्न."

"याला जीभ फुटली," बोर्गहिल्ड म्हणतात.

तीरिल घरी आली त्या दुपारी अंगणात ऊन होतं आणि बर्फ वितळून वळचणीवरून ठिबकत होतं. मी माझ्या छोट्या घरात टाचांना पट्ट्या लावत बसलो होतो. समोरच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. भांड्यांचा आवाज, आजोबांचं खोकणं, बाक सरकवल्याचा आवाज. मग क्षणभर काहीच नाही. आणि मी हातातली पट्टी तशीच धरून थांबलो.

"चोर!" तीरिल किंचाळली. "माझी पोळी! आई! पासोप चोर आहे!"

कुत्रा भुंकला, काहीतरी खळ्ळकन पडलं, आस्गेइर मोठ्याने हसला. मी दुसरी पट्टी लावली, बूट चढवले आणि अंगण ओलांडून त्यांच्याकडे जेवायला गेलो.